घरचं बाळंतपण, एक

"कात्रीसुद्धा?" एनेलेसीआजीने विचारलं.

"कात्रीसुद्धा," मी म्हणालो.

तिने ती कमरेच्या कापडाला पुसली आणि टेबलावर ठेवली. गावप्रमुखाच्या अंगणात आंब्याखाली टेबल मांडलं होतं. रबराची चादर, तान्ह्या बाळाचं वजन करायचा काटा, नाळ बांधायच्या दोऱ्याचं रीळ, नखं घासायचा ब्रश, सगळं एकेक करून येत होतं आणि मी यादीवर खुणा करत होतो. शेवटी पत्र्याची पेटी आली. ती ज्या देशाने दिली होती त्याचा झेंडा झाकणावर रंगवलेला होता. आता त्यातला निळा रंग तेवढा शिल्लक होता.

"भाजी चिरायला राहिली असती," आजी म्हणाली.

शेजारी बसलेल्या मिसेस कालूवा हसल्या. त्या प्रकल्पाच्या अधिकारी. त्या मला हळूच म्हणाल्या की आज कात्री ठेवू दिली, तर उद्या ती नाळच कापेल. मी पेटी बंद केली.

ती पेटी आजीला सत्तावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रकल्पाने दिली होती. तिची आई गावात सुईणपण करायची, म्हणून हिला निवडलं आणि मिशनच्या आवारात सहा आठवडे ठेवून घेतलं. चामड्याच्या बाहुलीवर शिकवलं. हात कोपरापर्यंत धुवायचे, ब्लेड उकळायचं, बाळ आडवं असलं तर हात लावायचा नाही, सरळ आरोग्य केंद्रावर पाठवायचं. शिकवलं तसं ती वागली. चिम्बाला गावातली सत्ताविशीच्या आतली जवळजवळ सगळी माणसं तिच्या हातांत पडली, मीसुद्धा. मी पायाकडून आलो होतो. "तेव्हापासून तुझं सगळं उलटंच," असं ती मला चारचौघांत म्हणायची. लसीकरणाचं दहा आठवड्यांचं शिक्षण आणि एक सायकल मिळाल्यापासून गाव मला डॉक्टर म्हणू लागलं होतं. ती मात्र लास्तेनच म्हणत राहिली.

मग शहाण्या माणसांनी हिशेब मांडला, की एवढ्या पेट्या वाटूनही बाळंतिणी मरायच्या थांबल्या नाहीत. दोष पेट्या घेणाऱ्या बायकांवर आला. यापुढे बाळंतपण फक्त केंद्रात, असं फर्मान निघालं, आणि जिच्या घरी होईल तिच्या घरच्यांनी गावप्रमुखाला एक बकरी द्यायची असं गावाने त्याला जोडलं. आजीला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तिच्या ओट्यावर बसून तासभर बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"केंद्रात कोणी असेल ना?"

मी म्हणालो, असेल.

पेटी गेली आणि तिला नवं काम मिळालं. गावातल्या बाईला दिवस गेले की तिने ते पहिल्यांदा आजीच्या कानावर घालायचं, आणि आजीने तिला वेळेवर केंद्रावर न्यायचं. आठव्या महिन्यात ती स्वतः प्रत्येकीचं गाठोडं बांधून द्यायची, कारण केंद्रात यातलं काही मिळत नसे. काळं प्लास्टिक, एक टोपलं, नवं ब्लेड, मेणबत्ती, दोन कापडं. केंद्र टेकडीवर, चौदा किलोमीटर. ती प्रत्येकीबरोबर जायची आणि बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायची. आत तिला मज्जाव होता. आतल्या कण्हण्यावरून किती वेळ राहिलाय ते ती बाहेर बसून सांगायची, आणि ते बरोबर निघायचं. एकदा ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, तर नर्स टेलेझाबाईंनी तिला हाकललं. ती मुकाट्याने परत येऊन बसली.

तीन वर्षं गेली. घरचं बाळंतपण या रकान्यात चिम्बालापुढे मी दर महिन्याला शून्य लिहीत होतो. जिल्ह्यात असं दुसरं गाव नव्हतं. आपल्या गावात एक फलक लागणार आणि राजधानीहून, लिलाँग्वेहून, पाहुणे येणार, अशी बोलणी सुरू झाली.

फेब्रुवारीत फलेसीचे दिवस भरले. फलेसी आजीच्या बहिणीची नात, म्हणजे आमच्याकडे आजीचीच नात. वीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, नवरा तंबाखूच्या मळ्यावर गेलेला. जिभेला हाड नसलेली पोर, गावप्रमुखाचीसुद्धा नक्कल करायची. मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. भाड्याच्या सायकलीवर तिला मागे बसवलं, आणि चढ आला की आजी मागून ढकलत होती. अकराला त्या टेकडीवर पोचल्या.

मी लसींची पेटी न्यायला तिथे गेलो होतो. केंद्रात पहारेकरी बिझवेक सोडून कोणी नव्हतं. टेलेझाबाई आणि औषधं देणारा माणूस, दोघेही तीन दिवसांच्या शिबिराला जिल्ह्याच्या गावी गेले होते. बाळंतिणीशी आदराने कसं वागावं, हा शिबिराचा विषय होता. बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

मी रुग्णवाहिकेसाठी जिल्ह्याला फोन लावला. गाडी दुसरीकडे गेलीय, दोनपर्यंत पाठवतो म्हणाले. आजीने व्हरांड्यात काळं प्लास्टिक अंथरलं, फलेसीला त्यावर घेतलं आणि स्वतः चार हात लांब जाऊन बसली. दोन्ही हात तिने काखेत दाबून धरले होते.

"आजी, तू काय पाहुणी आलीयस का?" फलेसी म्हणाली. कळेच्या मधल्या वेळात तिला अजून हसता येत होतं.

आजीने माझ्याकडे पाहिलं. "लास्तेन, हात लावू का?"

"गाडी येतेय आजी. दोनपर्यंत येईल."

"मी गाडीचं नाही विचारलं."

मी फोनकडे पाहत राहिलो. हो म्हणालो असतो तर तिच्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं. नाही म्हणायची मला हिंमत नव्हती. पेटी परत दिली तेव्हा पुन्हा बाळंतपणाला हात लावणार नाही अशी तिने शपथ घेतली होती, ती सगळ्या गावादेखत आणि मीच वाचून दाखवलेली. ती बसून राहिली. तिचे ओठ हलत होते, ती कळा मोजत होती.

एकच्या सुमारास डोकं दिसायला लागलं. मग ती कुणाला न विचारता उठली, पन्हाळीखालच्या पिंपातल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि गुडघ्यांवर बसली. दहा मिनिटांत मुलगी झाली. रडली. नाळ कापली, वार आली. आजीने बाळ फलेसीच्या छातीला लावलं आणि तिचं पोट चोळायला घेतलं. रक्त थांबेना. प्लास्टिकवरून ते पायरीकडे वाहायला लागलं.

"ती सुई असते ना रक्ताची," आजी मान वर न करता म्हणाली. "ती आण."

सुई त्या बंद खोलीतल्या फ्रीजमध्ये होती. बिझवेक म्हणाला, दार सरकारी आहे आणि राखायला मला ठेवलंय, बाईंना विचारा. बाईंचा फोन शिबिरामुळे बंद. मी मिसेस कालूवांना फोन केला. त्या म्हणाल्या, पाच मिनिटं थांब, वर विचारून सांगते. मी थांबलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सुई टोचायला मला येत होतं. रोज दहा-दहा पोरांना टोचत होतो, मांडी ती मांडीच. दार लाकडाचं होतं, मी तरणाताठा होतो, आणि मी फोन हातात धरून उभा होतो.

शेवटी बिझवेकच बागेतली कुदळ घेऊन आला आणि त्याने कोयंडा उखडला. मी सुई टोचली. फलेसीने पाणी मागितलं, आजीने ओंजळीने पाजलं, त्यातलं थोडं आत गेलं. मग पुष्कळ वेळ आजी पोट चोळतच राहिली. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती थांबली.

गाडी साडेतीनला आली. मेलेलं माणूस न्यायची परवानगी नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. आम्ही बैलगाडी मिळवून फलेसीला गावी नेलं.

बाळंतीण दगावली की एक कागद भरावा लागतो. उशीर कुठे झाला असं त्यात विचारलेलं असतं आणि पुढे तीन चौकोन असतात. घरी, रस्त्यात, केंद्रात. मला कोणी काही लिहायला सांगितलं नाही. मिसेस कालूवा एवढंच म्हणाल्या, की प्रकल्पाची पुढची तीन वर्षं या महिन्यात ठरतायत, आणि ठरली तर केंद्राला दुसरी नर्स मिळेल, मग असं परत होणार नाही. टेलेझाबाई खिडकीबाहेर पाहत रडत होत्या. मी पहिल्या चौकोनात खूण केली.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी आजी माझ्याकडे आली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. घरून उशिरा आणली.

"अकराला पोचलो होतो आम्ही," ती म्हणाली. "सायकलवाल्याला विचार."

"मला माहीत आहे, आजी."

ती निघून गेली. त्या दिवसापासून तिने गावातल्या कुणाला केंद्रावर नेलं नाही.

मे महिन्यात पाहुणे आले. चिम्बालात एकही बाळंतपण घरी होत नाही, असा फलक रस्त्याच्या तोंडाशी लागला. फलेसी केंद्राच्या व्हरांड्यात बाळंत झाली होती, त्यामुळे आकड्याला धक्का पोचला नव्हता. बायकांना प्रकल्पाचं नाव छापलेली कापडं वाटली, बायका नाचल्या. आजी आली नाही. तिच्या वाटणीचं कापड घेऊन मला पाठवलं. ती भुईमूग उपटत होती, पाठीला फलेसीची मुलगी बांधलेली. त्या मुलीला फलेसीची बहीण आपल्या बाळाबरोबर पाजत होती. आजीने शेंगा खाली ठेवल्या, कापड बोटांत धरून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, आणि दाताने काठ उसवून त्याचे सरळ चार तुकडे केले. लंगोटांना लागतील म्हणाली.

जुलैत, आमच्याकडच्या थंडीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास गावप्रमुखाचा निरोप आला की वही घेऊन ये. मी गेलो तर आजी अंगणात उभी होती. पाठीला मुलगी, हातात दोर, दोराला काळी बकरी. तिच्याकडच्या तीनांतली सगळ्यांत धष्टपुष्ट.

झालं होतं असं, की पहाटे शेजारच्या दोरिकाला कळा लागल्या. दोरिकाच्या सासूने भीतभीत आजीचं दार वाजवलं. आजी गेली, दार उघडं ठेवून बसली, कुणाला शपथ घालून गप्प केलं नाही. मुलगा झाला, दोघंही ठीक होती. हात धुऊन आजी घरी आली, बकरी सोडली आणि थेट इथे.

गावप्रमुख ओशाळून गेला होता. फलेसी त्याचीही दूरची भाची लागायची. तो म्हणाला, कुणी तक्रार केलेली नाही, तुम्ही बकरी घेऊन जा.

"तक्रार मीच करतेय," आजी म्हणाली.

"नियम घरच्यांना आहे, आजी. दोरिकाच्या घरच्यांनी द्यायची. तुम्ही कशाला?"

"त्यांच्याकडे बकरी नाही. हात माझे होते." मग ती माझ्याकडे वळली. "लास्तेन, लिही."

मी वही उघडली. जुलै. चिम्बाला. घरचं बाळंतपण. रकान्यात मी एक लिहिलं.

"वाच."

"घरचं बाळंतपण, एक. आई दोरिका. आई आणि मूल सुखरूप."

"कुणी केलं?"

त्याला रकाना नव्हता. मी समासात तिचं नाव लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं. तिने मान हलवली. ते पान जिल्ह्याला पोचेपर्यंत तिथे पुन्हा शून्य झालं होतं. ते कोणी केलं हे मला शोधावं लागलं नाही, ती वही माझ्याशिवाय कुणाच्या हातात नसे.

पण त्या सकाळी तिथे एकच होतं. आजीने बकरी अंगणाच्या कुंपणाशी नेली, खाली वाकून तिच्या गळ्यातली गाठ सोडवली. बकरी मोकळी झाली आणि कुंपणाचा पाला ओरबाडू लागली.

"अहो, बांधा तरी," गावप्रमुख म्हणाला.

"दोर माझा आहे," आजी म्हणाली. दंडाला एकेक वेढा देत तिने तो गुंडाळला, पाठीवरची मुलगी जरा वर सरकवली, आणि घराच्या वाटेला लागली.