भातातली की भिंतीवरची

हैदराबादेत दिलसुखनगरच्या कोचिंगवाल्या गल्लीत तारामतीकाकूंची खानावळ आहे. नांदेड-लातूरकडची पोरं तिथे जेवतात. सोमवारी रितेशच्या ताटाशेजारी काकडीच्या बीसारखं काहीतरी करडं सरकताना दिसलं. त्याने फोटो काढून पोरांच्या ग्रुपवर टाकला: ‘मेसच्या भातात अळ्या.’ बुधवारपर्यंत निम्मी टेबलं रिकामी झाली.

काकूंनी तांदळाचं पोतं तीनदा चाळलं. काहीच सापडलं नाही, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“इतकी वर्षं मेस चालवतेय, असं कधी झालं नव्हतं गं,” त्या केतकीला म्हणाल्या. “लई परेशान झाले.”

केतकी मूळची पुण्याची. समोरच्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायची आणि दोन्ही वेळा इथेच जेवायची. पतंगांच्या एकाच प्रजातीवर तिने चार वर्षं पीएच.डी.चं काम केलं होतं. वडिलांच्या आजारपणात ते सुटलं. इथे तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. फोटो पाहून तिला ती प्रजाती ओळखीची वाटली होती, पण मध्ये पाच वर्षं गेली होती. बोलायचा धीर होईना.

“काकू, एक रिकामी डबी द्या,” ती म्हणाली. “आणि थोडे तांदूळही.”

“तांदूळ कशाला?” काकूंचा आवाज उतरला. “त्यातलंच निघालं तर?”

“तर तसंच सांगावं लागेल.”

काकूंनी डबी दिली आणि मूठभर तांदूळ कागदात बांधले. “घे,” शेवटी म्हणाल्या. “होऊन जाऊ दे एकदाचं.”

फ्रिजच्या मागच्या भिंतीवर फोटोतल्यासारख्याच करड्या, बीएवढ्या सात-आठ खोळी लटकत होत्या, आणि एक छोटासा पतंग. केतकीने ते सगळं डबीत भरलं.

गुरुवारी सकाळी, क्लास भरायच्या आधी, ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. खोळ दोन्ही टोकांना उघडी होती. चुन्याचे कण, रेती आणि केस रेशमाने एकत्र विणलेले, आत अळी. तांदळातली अळी असं घर अंगावर घेऊन हिंडत नाही. ती दाण्यांतच जाळं करून राहते. पतंगाच्या डोक्यावर केसांचा विस्कटलेला झुबका होता आणि सोंड जवळजवळ नव्हतीच. त्यावरून कूळ कळलं. प्रजाती ठरवायला मात्र पोटाचं टोक पाहायला हवं होतं. तिने पोट वेगळं केलं आणि पोटॅशच्या पाण्यात गरम केलं. मऊ भाग विरघळला आणि नर ज्यांनी मादीला धरतो ते कडक चिमटे उरले. हा आकार तिने शेकडो वेळा कागदावर काढला होता. अजून हाताला आठवत होता.

फेरिओका, तिने चार वर्षं अभ्यासलेला तोच पतंग. चूक नव्हती. आणलेले तांदूळ तिने दाणा-दाणा पाहिले; त्यात ना अळी, ना जाळं.

तिने रितेशला बोलावून दाखवलं.

“मॅम, म्हणजे ही भात खात नाही?”

“कोळिष्टकं खाते, लोकर खाते. फेरिओका या नावाचा अर्थच घर वाहून नेणारा असा आहे. पंख फुटल्यावर तर ती काहीच खात नाही.”

रितेशचा चेहरा पडला. “मी उगाच लिहिलं. काकूंना आधी विचारायला पाहिजे होतं.”

त्याने तिथेच दुसरा फोटो काढला, खाली माफी लिहिली आणि ग्रुपवर टाकला.

काकूंना कळलं तेव्हा त्या हातातली परात ठेवून मटकन खुर्चीत बसल्या. “म्हणजे माझा भात चांगला,” त्या म्हणाल्या, “भिंतच घाणेरडी!” आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. दुपारी पोरं परत आली. जेवण झाल्यावर रितेशने फ्रिज सरकवून मागची जळमटं काढली.

संध्याकाळी केतकीने पाच वर्षांत पहिल्यांदाच सुजाता मॅडमना, तिच्या जुन्या मार्गदर्शकांना, फोन लावला.

“मॅडम, माझ्या पतंगांच्या स्लाइड्स... टाकून दिल्या असतील ना?”

“टाकून कशाला देईन?” मॅडम म्हणाल्या. “कपाटात आहेत. तू कधी येतेस?”

केतकीने भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं.

“मे महिन्यात,” ती म्हणाली. “क्लासला सुट्टी लागली की.”