उजवीकडची जोडी

माझा स्वभाव तापट आहे, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. हातमोज्यांच्या बाबतीत तर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. जाड रबरी मोजे धुतले की एकेक मोजा मनगटाकडून दोन्ही हातांनी गुंडाळायचा, आत हवा कोंडायची आणि फुगलेला पंजा गालाजवळ धरून दाबायचा. गालाला बारीकशी जरी झुळूक लागली तरी मोजा कचऱ्यात. नुसते धुतलेले मोजे दोरीवर डावीकडे, तपासलेले उजवीकडे. अठरा वर्षं हा नियम माझाच, आणि तो मोडणाऱ्याची मी बिनपाण्याने केली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पोकळ गोळ्यांसाठी. वाळूच्याच जातीचे, डोळ्यांना न दिसणारे गोळे घ्यायचे, त्यांच्यावर कार्बनची साल चढवायची आणि आतला गोळा आम्लात विरघळवून टाकायचा. उरलेल्या सालीत गंधक भरायचं. बॅटरी वापरताना गंधक फुगतं. त्याला आत जागा मिळाली नाही तर साल फुटते आणि बॅटरीचे बारा वाजतात. आणि ते आम्ल मेलं महाकपटी. पातळ असलं तर कातडीवर पडल्याचं कळतही नाही. ना झोंबत, ना फोड येत. गुपचूप हाडापर्यंत जातं आणि काही तासांनी बोंब मारायला लावतं. लगेच कळलं तर मलम आहे. उशिरा कळलं तर मलम नुसतं असतं.

बबडी माझ्या ताईची मुलगी. तिला इथे मीच चिकटवली. बटणाएवढ्या सेलमध्ये पापुद्र्यासारखे थर चिमट्याने बसवताना आम्हा सगळ्यांचे हात थरथरतात, हिचे कधीच नाहीत. प्रयोगशाळा चालवणारे सरसुद्धा म्हणायचे, या पोरीच्या बोटांवर आपलं दुकान चाललंय. पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम होणार होती. ताईने पहिल्या दिवशीच मला बजावलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं."

त्या दिवशी दुपारी पाहुणे गोळे बघायला येणार होते आणि आदल्या दिवशीचा घाणा वाया गेला होता. सर तिसऱ्यांदा दारात येऊन "झालं का?" म्हणाले. मी मोजे धूत होते. म्हटलं, "सर, तुम्ही असे उभे राहिलात तर गोळे काय घाबरून पोकळ होणार आहेत का?" त्यांच्याशी भांडता भांडता धुतलेली जोडी अडकवली आणि आत गेले.

बबडीने ती जोडी काढली. "मावशी, ओली आहे गं. बघितलीयेस ना?"

"उजवीकडे आहे ना? मग घाल की! आता तूपण माझ्या डोक्यावर बस."

"अगंबाई, तापली!" म्हणून ती हसली आणि तिने मोजे चढवले.

अर्ध्या तासाने मला आठवलं. ती जोडी मी गालाला लावलीच नव्हती. काचेपलीकडे बबडी आम्लातले गोळे गाळत होती. तिला थांबवलं असतं तर हाही घाणा गेला असता, आणि सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की नियम मीच मोडला. म्हटलं, एका दिवसात काय होतंय. हे मी मनातल्या मनात म्हटलं, अगदी शब्दन् शब्द आठवतंय.

गोळे झकास झाले. पाहुण्यांनी सरांची पाठ थोपटली. चार वाजता बबडी हात धरून आली. "मावशी, बोट आतून ठणकतंय गं." बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं. तिला मलम चोळलं, गाडी मागवली आणि गाडी येईपर्यंत त्या हाताचा मोजा धुऊन, हवा कोंडून गालाशी धरला. तर्जनीच्या टोकातून बारीकशी झुळूक आली.

आम्ल शेजारच्या बोटातही मुरलं होतं; तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं काढली.

चौकशीला माणसं दवाखान्यातच आली. ताई उशाशी, मी पायथ्याशी. मी तोंड उघडणार तोच बबडी म्हणाली, "मावशीने बघितली होती जोडी. नंतर माझ्याकडूनच कशाला तरी घासली असेल." ती छताकडे बघत होती. आणि मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं ती मी, गप्प बसले. कागदावर चूक बबडीची लागली. नोकरी कायम झाली नाही.

काल दोघी मायलेकी बबडीचं सामान न्यायला आल्या. ताई दोरीपाशी थांबली. "हेच का ते मोजे? कसं बघतात गं?"

बबडीने डाव्या हाताने उजवीकडचा एक मोजा काढला. मनगट गुंडाळायला दोन हात लागतात. तिने उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी धरून पाहिलं, तो निसटला. मग तिने तो माझ्यापुढे केला. "मावशी, तू दाखव ना आईला."

मी गुंडाळला. हवा कोंडली. पंजा फुगला, पाचही बोटं ताठ झाली. गालाशी धरून दाबला. झुळूक नव्हती.

"अस्सं होय," ताई म्हणाली. "त्या दिवशीही असाच बघितला होतास ना?"

बबडी माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच, त्या दिवसानंतर.

"हो," मी म्हटलं.

बबडीने माझ्या हातातून मोजा घेतला आणि दोरीवर डावीकडे अडकवला.