मायक्रोवेव्हचं दावं

माझ्या भावाचा मायक्रोवेव्ह बंद पडला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला सुटल्यासारखं वाटलं. शिवहार जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या कंपनीत होता, डेंग्यूनं आठ दिवसांत गेला, आणि त्याच्या खोलीवरची खाट, बादली अन् हे खोकं टेम्पोतून आमच्या गावी, पुसेगावला आलं. तेव्हापासून माय रोज संध्याकाळी त्यात अर्धी भाकर ठेवायची. बटण दाबायची, आतला दिवा लागून काचेची ताटली फिरायला लागली की समोर बसून राहायची. टिंग वाजलं की म्हणायची, "जेवला माझा लेक." भाकर मग शेळीला. मला तिचा राग यायचा. रडायचं तर सरळ रडावं माणसानं, यंत्राला काय जेवू घालायचं?

उन्हाळ्यात वीज कमी-जास्त झाली आणि ते जळालं. सेनगावच्या मेकॅनिकनं हात टेकले. माय तरी त्या थंड खोक्यात भाकर ठेवतच राहिली. मुंग्या झाल्या, उंदीर झाले.

मग शेजारच्या सोनाजीकाकांनी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात भरवलं, की आत तांब्याचा मोठा गोळा असतो, खोलून काढा, बाकीचं भंगारवाला नेईल. मी सुट्टीला घरी आले तर आबा अंगणात पेचकस घेऊन बसलेले. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. अशी ओरडले की वाड्यातली मेंढरं बावरली.

"हात लावू नका आबा! वायर काढली तरी आत करंट साठून ऱ्हाते. माणूस मरते त्यानं!"

"बंद पडलेलं खोकं काय मारंल?"

"मारते. अन् भंगारवाला काय करंल? वायरी जाळंल, बाकीचं नाल्यात फेकंल. शिवहार ज्याच्यातलं जेवला ते नाल्यात टाकायचं व्हय?"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. दारात माय उभी होती.

आमच्या कॉलेजात त्या शनिवारी विजेचं जुनं सामान फुकट घेणार होते, आणि पुढे रीतसर सुटं करायला कारखान्यात पाठवणार होते. मी ते तिथं घेऊन जाते, असं म्हणाले. शनिवारी सकाळी मायनंच ते ओल्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसलं आणि मागची वायर गुंडाळून ठेवली. आबांनी ती गुंडाळी सोडली, पक्कड आणली आणि वायर मुळापासून कापली.

"हे काहून?" मी विचारलं.

"बैल विकला तरी दावं देतो का आपण?"

विकलेल्या जनावराचं दावं घरीच ठेवलं की गोठा रिकामा राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. आमच्या खुंटीवर बैलांची, शेळ्यांची जुनी दावी आहेत. त्यांच्यातच आबांनी ती काळी वायर अडकवली.

एसटीत खोकं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "काय आहे ताई? लगेज लागंल." मी म्हणाले, "भावाचं सामान आहे." माझ्या तोंडाकडे बघून तो पुढे गेला.

कॉलेजात पूजा नावाची मुलगी यादी करत होती. आत काही राहिलं नाही ना, म्हणून तिनं दार उघडलं. "मॅडम, तुमचा डबा राहिला."

फडक्यात अर्धी भाकर होती, सकाळचीच, अजून मऊ. पुसता पुसता मायनं ठेवली असणार. मी जिन्याखाली जाऊन ती नुसती भाकर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली आणि हमसून हमसून रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मायचा राग करता करता माझं रडणंच राहून गेलं होतं.

दुपारच्या गाडीनं परत आले. माय खुंटीखाली बसली होती, वायर मांडीवर घेऊन.

"दिलं?"

"दिलं."

"भाकर?"

"खाल्ली."

कुणी, ते तिनं विचारलं नाही. वायरचं कापलेलं टोक बोटानं चाचपत राहिली.

"शिले, तुझे आबा म्हणून राहिले, दावं ठेवलं की दुसरं जनावर येते. खरं हाय. बैल आले, शेळ्या आल्या. पण ह्या दाव्याला कोण येईल गं?"

मी तिच्या शेजारी बसले आणि वायरचं दुसरं टोक हातात धरलं.