एकही दिवा न लावता

सूर्यफुलावरून बेतलेला एक भलामोठा आरसा कचेरीच्या गच्चीवर बसवला होता. तो सूर्याकडे तोंड फिरवायचा आणि उजेड थेट तळघरातल्या दप्तरखान्यात सोडायचा. तो कितपत कामाचा आहे हे ठरवायला तपासनीस बाई उजेड मोजायचं मीटर घेऊन सकाळीच हजर झाल्या.

उजेड लख्ख होता, पण एका जागी ठरेल तर शपथ! तो सरकला की कारकून टेबलं सरकवायचे आणि मीटर धरून बाईही मागोमाग. संध्याकाळपर्यंत अख्खी कचेरी एका कोपऱ्यात दाटली आणि हेडक्लार्क कपाटावर चढून टपाल वाचू लागले.

इतक्यात साहेबांचा फोन आला. "दिवसभर तिथं बसून काय दिवे लावलेत?"

"एकही नाही, साहेब!" बाई अभिमानाने म्हणाल्या.

साहेबांनी फोन आपटला.

"मेल्यांना चांगलं बघवतच नाही," म्हणत बाईंनी अहवालात लिहिलं, 'लावलेले दिवे: शून्य. यंत्रणा उत्तीर्ण.'

तेवढ्यात सूर्य मावळला आणि हेडक्लार्क कपाटावरून खाली उतरले. उत्तीर्ण यंत्रणेसमोर दिव्याचं बटण दाबायची कुणाची छाती होईना. काळोखात चाचपडत बाईंनी झोकात सही ठोकली.

"बाई," हेडक्लार्क अदबीनं म्हणाले, "हा माझा सदरा आहे."