फोडणी बंद

काजलने खुरासणीच्या तेलाचा डबा उघडला आणि ती थबकली. मागच्या खेपेला घाण्यावरून आणून तिनेच तो काठोकाठ भरून ठेवला होता. तो अजून काठोकाठच होता.

चुलीपाशी तिची आई, ठमी, नुसते उकडलेले वाल ढवळत होती. तिच्या मनगटांच्या पार काटक्या झाल्या होत्या. सोमवारी कर्करोगाचं पुढचं इंजेक्शन होतं, आणि वजन आणखी उतरलं तर ते देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आये, फोडणी?"

"घरात बंद हाय."

"देवी आल्यावानी," बाहेर ओट्यावरून बाप, बुधू, हसला. "मी बी बैलासारखा आंबोण खातोय."

घरात देवी आल्या की फोडणी द्यायची नाही, ही त्यांच्या टोकावड्याकडची जुनी रीत काजलला ठाऊक होती. पण आईच्या अंगावर देवी नव्हत्या. तिची छातीतली गाठ काढली होती, आणि उरलासुरला रोग मारायला इंजेक्शनं चालू होती.

"कोनी सांगितलं तुला?"

"तूच."

काजल मुंबईला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मागच्या खेपेला आईने कामाचं विचारलं, तेव्हा तिने ऐटीत सांगितलं होतं, की अंगात कोलेस्टेरॉल नावाची चरबी असते, ती बनवणारी, आईबापाकडून आलेली जनुकं काही गाठींत चेकाळतात आणि गाठ त्या चरबीवर पोसते. तेवढ्यात एसटी आली आणि बाकीचं राहून गेलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली होती ती लेकच, आई नव्हे.

ती आईजवळ टेकली.

"आये, गाठ तिचं तेल तीच काढते. तिच्यात तिचा घाणा असतो. तो कसा बंद करायचा, ते आमी शोधतोय. तू फोडणी सोडलीस तर उपाशी तू राहतेस. ती नाय."

ठमीचा हात थांबला. तिने जाळातलं लाकूड जरा मागे ओढलं.

"आन तुझं?"

"माझं काय?"

"जनुकं आयबापाकडून येतात, म्हनलीस ना? माझ्यातलं तुझ्यात आलं असंल तर? तिकडं तू काय खातेस ते माझ्या हातात नाय. इथलं हाय. म्हनलं, पोर घरी येईल तवा तेलाचा वास बी नको."

काजलला एकदम भरून आलं. तिने आईचा हात धरला.

"तुझं रक्त तपासलं ना डॉक्टरांनी? आयबापाकडून आलेलं काय नाय सापडलं. बिघाड गाठीतच झाला. माझ्याकडं तुझं फक्त हे चपटं नाक आलंय गो."

ठमीने पदराने डोळे पुसले आणि धुराला शिवी घातली. मग कढईत तेल ओतलं. लसूण तडतडली, तसा बुधू न बोलावताच आत येऊन ताटावर बसला.

ठमीने आधी लेकीला वाढलं. स्वतःच्या भातावर थोडेसेच वाल घेऊ लागली, तेव्हा काजलने तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि तिला भरभरून वाढू लागली.

"पुरे गो, पुरे," ठमी म्हणत राहिली. ताट मात्र तिने मागे घेतलं नाही.