मान जोडलेली आहे

अर्जुनी मोरगावच्या जयंतीच्या कार्यक्रमात तिसरं गाणं अर्ध्यावर असताना खुशबूच्या गिटारची मान मोडली.

आधी नुसता सूर उतरत होता. सगळ्यात जाड तार सुरात लावून दोन मिनिटं होत नाहीत तोच ती खाली घसरायची. खुशबूने खुंटी पिळली, परत पिळली. ढोलकवाल्या यादोरावने तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. मग कडवं संपता संपता वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, चारही तारा एकदम ढिल्या पडल्या आणि खुंट्यांचा सगळा तुकडा तारांना लोंबकळत तिच्या मनगटावर आपटला. स्पीकरच्या बॉक्समधून असा घरघराट निघाला की पुढच्या रांगेतल्या बायांनी कान झाकले.

लोक हसले. गाण्याच्या पार्टीचे मालक भैयाजी माईकवर होते. तेही हसत म्हणाले, "आमच्या खुशबूच्या हातात लय जोर आहे बाप्पा, गिटारच मोडली." लोक आणखी हसले. खुशबूने वायर काढली आणि स्टेजच्या मागे एका रिकाम्या खोक्यावर जाऊन बसली. पुढची अकरा गाणी तिच्याशिवाय झाली. कोणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

तेव्हा तिला राग आला नव्हता. नुसती लाज वाटली होती.

खुशबू सव्वीस वर्षांची. तालुक्याच्या ऑनलाइन केंद्रात लोकांचे फॉर्म भरून द्यायची आणि सुटी झाली की भैयाजींच्या पार्टीत बेस गिटार वाजवायची. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा, जे मिळेल ते. गाणाऱ्या पोरी पार्टीत तिघी होत्या, पण वाद्य हातात घेणारी ती एकटी. शिकवलं भैयाजींनीच. एक पैसा न घेता शिकवलं, हे खरं होतं. पार्टीची जुनी बेस फार लांब होती. खुशबूचा हात आखूड, मानेवरच्या पहिल्या घरापर्यंत बोटं ताणताना मनगट सुजायचं. मग नोव्हेंबरात भैयाजी एक दिवस आखूड मानेची बेस घेऊन आले. नागपूरच्या कुण्या पार्टीने विकायला काढलेली, म्हणाले. "तुह्यासाठीच पाहून ठेवली." खुशबूने साठवलेले नऊ हजार त्यांच्या हातावर ठेवले. पुढून तांबडी असलेली गिटार मानेच्या मागून काळी का, एवढंच तिने विचारलं होतं. "कंपनीतूनच तशी येते," भैयाजी म्हणाले होते. तिने वाकून त्यांना जय भीम केला होता.

त्या दिवसापासून ती रोज दोन तास वाजवायची. हात कुठेही पोचायचा. स्वयंपाकघरातून तिची आई पार्वताबाई ओरडायची, "अवं भिंती हालून राहिल्या," आणि मग तीच त्या ठेक्यावर कांदा चिरायची.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी खुशबू मोडलेली गिटार चादरीत गुंडाळून गाडीने गोंदियाला गेली. बाजारातल्या एका बोळीत सेवकराम नावाचा म्हातारा बसतो. हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतो, ढोलक मढवतो, गिटारही बघतो. त्याने चादर उघडली आणि मोडलेली जागा अंगठ्याने चाचपली.

"होईल काय?" खुशबूने विचारलं.

"बाई, हे कोणापासून घेतली?"

"आमच्या काकाजींपासून. भैयाजी साऊंडवाले."

सेवकरामने चष्मा काढला. "हे पाय. इकडचं लाकूड पांढरं आहे, ते आत्ता तुटलं. इकडचं पिवळं, त्याच्यावर गोंद वाळून आहे. हे आधीची मोड आहे. मीच जोडली होती दिवाळीच्या आधी. भैयाजीनंच आणली होती."

खुशबूने त्या पिवळ्या कडेवरून नख फिरवलं.

"मी सांगतलं होतं त्याले, का हे नुसती चिपकवून देल्ली आहे. तारा चढवल्या, रोज ताण पडला, का जाईन. तं म्हणे, वाजवाची नाही, भिंतीले लटकवाची आहे. मी सांधा तसाच ठेवला. काळा रंग त्यानं मारला असन." त्याने मोबाईल काढला. केलेल्या कामाचे फोटो तो ठेवायचा. त्यात तीच तांबडी गिटार होती, मान मोडलेली, खाली तारीख ऑक्टोबरची.

खुशबूने तो फोटो आपल्या मोबाईलवर घेतला. परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली होती, पण ती बसू शकली नाही. मधलं सौंदड स्टेशन येईपर्यंत ती दारात उभी होती आणि मनातल्या मनात सारखी एकच गोष्ट पाहत होती, की हा माणूस हसला. माईकवर उभा राहून हसला. त्याला माहीत होतं गिटार का मोडली, आणि तो म्हणाला, हातात जोर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती भैयाजींच्या गोडाऊनवर गेली. ते लग्नाच्या ऑर्डरीसाठी बॉक्स तपासत होते. तिने फोटो समोर धरला.

भैयाजींनी मोबाईल लांब धरून पाहिला. ते भडकतील, सेवकराम खोटारडा आहे म्हणतील, अशी तिची तयारी होती. पण ते तसं काहीच म्हणाले नाहीत. एका बॉक्सवर टेकले आणि समजावणीच्या सुरात बोलले.

"अवं पोरी, मी का इचार केला, तू वाजवशीन वर्षभर. मंग लगन होईन तुहं. सासरी गिटार कोण नेते? पडून राहीन कोपऱ्यात. तेवढ्याले तो सांधा पुरला असता. तू रोज दोन-दोन घंटे वाजवत बसशीन, हे मले का माहीत?"

चोरी केली असती, लुबाडलं असतं, तर त्याला एक नाव होतं. पण या माणसाने तिला अडीच वर्षं समोर बसवून शिकवलं होतं, बोट चुकलं की परत वाजवायला लावलं होतं, आणि त्या सगळ्या वेळात त्याच्या मनात हे होतं.

"म्हणजे मी वाजवली, हेच माहं चुकलं."

"तसं कुठी म्हणलो मी? अर्धे पैसे घेऊन जाय. वाद कायले वाढवतं?"

"पुरे पैसे पायजे. आणि पार्टीसमोर सांगा, का मोडलेली होती अन् तुमाले माहीत होतं. जसं माईकवर बोललात तसं."

"पैशाचं पाहू. ते दुसरं होत नाही." भैयाजी उठले. "तीस वर्षं झाली मले या धंद्यात. तुह्या एका गिटारीसाठी मी चार पोट्ट्याईसमोर मान खाली घालू काय?"

"मंग पैसेही नका देऊ," खुशबू म्हणाली आणि निघाली. हे बोलले नसते तर बरं झालं असतं, हे तिला रस्त्यावरच कळलं. नऊ हजार काही थोडे नव्हते. आता परत जाऊन मागणं तिच्याने होणार नव्हतं, आणि त्याचा वेगळा राग आला.

घरी पार्वताबाईने सगळं ऐकलं. "शिकवलं तं त्यानंच ना तुले," ती म्हणाली. "घेऊन टाकाचे होते अर्धे."

"हाव, त्यानं शिकवलं. म्हणून तं फसली मी. बाहेरचा दुकानदार असता तं चार जणाले दाखवून घेतली असती."

पार्वताबाईने तिच्यापुढे ताट सरकवलं.

सेवकरामने या वेळी नीट काम केलं. आत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, तीन आठवडे शिकंज्यात आवळून ठेवली. त्याचे पैसे घेताना तो संकोचला. "रंग मारू काय वरून?" त्याने विचारलं. खुशबू म्हणाली, नको, दिसू द्या.

गिटार वाजू लागली. आवाजही पूर्वीसारखाच होता. पण खुशबूला ती मांडीवर घ्यावीशी वाटेना. पहिला सूर काढला की भैयाजींचा समजावणीचा आवाज यायचा, सासरी गिटार कोण नेते. आठ दिवस तिने प्रयत्न केला. मग तिने सेवकरामला फोन करून विकायचा भाव विचारला. एका दुपारी केंद्रात गिऱ्हाईक नसताना तिने जाहिरात लिहिली आणि तीन जिल्ह्यांतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपवर टाकली:

"आखूड मानेची जुनी बेस गिटार विकणे आहे. मान मोडली होती, जोडलेली आहे. सांधा फोटोत दाखवला आहे. ही गिटार मला नोव्हेंबरमध्ये भैयाजी साऊंडवाले, अर्जुनी, यांनी मोडल्याचं न सांगता विकली. मी सांगून विकत आहे."

तासाभरात भैयाजींचा फोन आला. "माहं नाव काढ त्याच्यातून."

"खोटं लिवलं असन तं सांगा, काढीन."

"लोकं मले फोन करून राहिले, खुशबू."

"मंग सांगा त्याईले."

"याच्यापुढं तुले कोणी पार्टीत घेनार नाही. ध्यानात ठेव."

"ठेवलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. समोर एक बाई जातीच्या दाखल्याचा कागद घेऊन उभी होती. तिचा फॉर्म भरताना खुशबूने जन्मतारीख दोनदा चुकवली.

चार दिवसांनी दरेकसाहून ओमेश नावाचा माणूस घरी आला. दोन गाड्या बदलून आला होता. गावच्या मंडळात वाजवायला हवी होती. खुशबूने पाणी द्यायच्या आधी गिटार उलटी करून त्याचा अंगठा सांध्यावर ठेवला. "इथं मोडली होती. नखानं पाहा. मंगच बोला."

ओमेशने पाहिलं, वाजवून पाहिलं, आणि मग म्हणाला, "बाई, बाकी मस्त आहे. पण मोडलेली आहे म्हणता, तं भाव तसा लावा. चार हजार."

"नऊले घेतली मी."

"तवा मोडल्याचं माहीत नव्हतं ना तुमाले."

त्याने हे कुणाला डिवचायला म्हटलं नव्हतं. सरळ हिशेब होता. पण खुशबू ताडकन उठली आणि दारापर्यंत जाऊन परत आली. ज्याने लपवलं त्याला नऊ मिळाले, आणि जी सांगते तिला चार. जगात सगळ्यांना हे माहीत होतं, तिलाच आज कळत होतं.

"साडेपाच," ती म्हणाली. "सेवकराममिस्त्रीनं सांगतलेली किंमत आहे. एक रुपया कमी नाही. पटत नसन तं गाडीले अजून टाइम आहे."

ओमेशने तिच्याकडे पाहिलं, मग गिटारकडे, आणि पैसे काढले. जाताना त्याने विचारलं, "तुमी आता काय वाजवान?" तिने त्याला गाडीची वेळ सांगितली.

जाहिरात तिने काढली नाही. तिच्याखाली "विकली, साडेपाच हजार, खरं सांगून" एवढं लिहिलं. पार्टीतून तिला परत बोलावणं आलं नाही. यादोराव एकदा केंद्रात येऊन हळूच सांगून गेला, की भैयाजींनी लांब बेसवर एक नवा पोरगा बसवला आहे. "तुह्यासारखा नाही वाजवत," तो म्हणाला. खुशबूने त्याच्या लाइट बिलाची पावती काढून दिली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पगारातले आणि विकून आलेले पैसे घेऊन ती गोंदियाच्या एका दुकानात गेली. आखूड मानेची एकच बेस होती, खोक्यातली, नवी कोरी. खुशबूने तारा ढिल्या करायला लावल्या. मान मागून-पुढून उजेडात धरली, खुंट्यांच्या बुडाशी नख फिरवलं, प्रत्येक स्क्रू पाहिला. पाऊण तास झाला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"मॅडम, नया पीस है," दुकानदार वैतागून म्हणाला. "इतना क्या देख रहे हो?"

"नया है तो भी देखूंगी," खुशबू म्हणाली, आणि गिटार उलटी करून पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागली.