बोट ठेव, मग बोल

"बोट कुठंय तुझं?" मी विचारलं.

ठिपकीनं घाईघाईनं सातव्या पानावर बोट टेकवलं. "हे बघा, बाई. बकरी भिजलीय. हत्तीची छत्री तिनं चोरली असती तर ती भिजली असती का?"

"चोरली असेल," मागून ढोल्या म्हणाला, "पण उघडता आली नसेल. तिला हात कुठंयत?"

पंधरा पोरं खो खो हसली. ठिपकी हार मानणाऱ्यातली नव्हे. नाकावर मोठा तीळ आणि रागही तिथंच. तिनं दोन पानं मागे उलटली. "पाचव्या पानावर तिनं दाराची कडी तोंडानं उघडलीय. मग छत्रीपण उघडली असती!"

ढोल्या वाकून ते पान निरखायला लागला. छत्री कुणी चोरली ते मलाही ठाऊक नव्हतं, कारण त्या पुस्तकाची शेवटची चार पानं कित्येक वर्षांपूर्वी हरवली होती. मला ठाऊक नाही, हे पोरांना ठाऊक होतं. म्हणून तर ती जिवाच्या आकांतानं भांडायची.

मी शिक्षिका नाही. शाळेतली फाटकी पुस्तकं शिवते. सव्वीस वर्षं झाली. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, खळीचं भांडं, दाभण, जाड दोरा. पानंच हरवलेली पुस्तकं मी कपाटात ठेवायचे, टाकवत नसत म्हणून. अकरा वर्षांपूर्वी पहिलीच्या बाई आजारी पडल्या आणि मला सांगण्यात आलं, तासभर पोरं सांभाळा. माझ्याकडे होतं काय? शेवट नसलेल्या गोष्टी. त्याच वाचल्या. पुढे काय झालं असेल ते पोरांनी सांगायचं, पण ज्या पानावरून कळलं त्या पानावर बोट ठेवून. तेव्हापासून दर शुक्रवारचा तो तास माझ्याकडेच राहिला. पोरं मला फाटकी बाई म्हणतात. म्हणोत बापडी.

त्या दिवशी दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. शाळेत याच वर्षी आलेल्या.

"पोरं सुतावरून स्वर्ग गाठतायत तुमची," त्या म्हणाल्या.

"गाठू देत की. सूत तर आहे ना हातात!"

त्या हसल्या नाहीत. पोरं गेल्यावर माझ्या खोलीत आल्या. "पुढच्या शुक्रवारी वरचे साहेब येतायत. नवीन पुस्तकं आणणार आहेत, मागे प्रश्न आणि उत्तरं छापलेली. मुलांनी बरोबर उत्तरं दिली, तर तुमचा तास चालू ठेवते. नाहीतर बंद. आणि हे कपाट रद्दीत. बाई, तुमच्या नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलंय? फाटकी पुस्तकं दुरुस्त करणं. एवढंच."

आठवडाभर मी रोज पुस्तकं मोजत होते. एकसष्ट पुस्तकं होती त्या कपाटात.

साहेब माणूस वाईट नव्हता. गोष्ट छान वाचली त्यांनी, आवाज बदलून वगैरे. ससा आणि त्याची धाकटी बहीण बिळात राहतात, कुत्रा येतो, ससा पळत सुटतो. मग साहेबांनी विचारलं, "सांगा बरं, ससा का पळाला?"

ठिपकी उठली, पुढे गेली आणि तिनं साहेबांच्या हातातल्या पुस्तकावर सरळ बोट ठेवलं. "बहिणीला वाचवायला."

"नाही बाळा. तो भित्रा होता ना, म्हणून."

"कशावरून?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"हे बघा ना," ठिपकी म्हणाली. "बीळ इकडे आहे. बीळ जवळ होतं तरी ससा तिकडे पळतोय. भित्रा असता तर बिळात शिरला असता. मग कुत्र्याला बहीण सापडली असती."

साहेबांनी चित्र पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मागचं पान उघडलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "उत्तर 'भित्रा' असंच आहे."

"बाई," मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या, "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

ऐकलं असतं. 'हो गं, भित्राच होता' एवढं म्हटलं की तास वाचला, कपाट वाचलं. ठिपकी माझ्याकडे बघत होती. बोट तिनं अजून उचललं नव्हतं, दाबून दाबून नख पांढरं पडलं होतं. मला भयंकर राग आला. साहेबांचा नव्हे, त्या चार शब्दांचा, जे माझ्या जिभेवर येऊन बसले होते.

"साहेब," मी म्हणाले, "आमच्याकडे एक पद्धत आहे. बोट ठेवल्याशिवाय कुणी बोलत नाही. तुम्हीपण ठेवा. ससा भित्रा आहे, हे कुठल्या पानावर?"

त्यांनी पानं चाळली, पुढून मागे आणि मागून पुढे. शेवटी उत्तरांच्या पानावर बोट ठेवलं.

"ते चालत नाही," ढोल्या गंभीरपणे म्हणाला. "तिथं गोष्ट संपलेली असते."

सोमवारी तास बंद झाल्याचा कागद आला. मंगळवारी रद्दीवाला आला. एकसष्ट पुस्तकं मी स्वतः बांधली, माझ्या दोऱ्यानं, गाठ नीट मारून. ती गेल्यावर रडले. त्यात लपवायचं काय?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत दार वाजलं. ठिपकी उभी होती, हातात साहेबांनी वाटलेलं नवंकोरं सशाचं पुस्तक.

"बाई, हे फाटलंय."

मी उघडून बघितलं. उत्तरांचं पान नव्हतं. कडेनं इतकं सरळ निघालं होतं की मलाही याहून चांगलं जमलं नसतं.

"कुणी फाडलं?"

"मी. पट्टी लावून, तुम्ही लावता तशी." तिनं खिशातून घडी केलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. "हे इतक्यात शिवू नका."

पान फाडणाऱ्यांचे कान मी सव्वीस वर्षं पिळत आले आहे. हात उठलाही. पण तिच्या मागे ढोल्या होता आणि त्याच्या मागे जिन्यापर्यंत रांग. प्रत्येकानं एक पुस्तक छातीशी धरलं होतं.

जिन्यावरून मोठ्या बाई उतरत होत्या. "हे काय चाललंय?"

"फाटकी पुस्तकं आलीत दुरुस्तीला," मी म्हणाले. "माझ्या कागदावर लिहिलंय तसंच."

त्या रांगेकडे बघत राहिल्या. मी ते पान खणात टाकलं, वर दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि पोरांना आत घेतलं. खोली एवढीशी. काही टेबलाखाली बसली.

दार उघडंच ठेवलं. मोठ्या बाई अजून तिथंच होत्या.

"हं, ठिपके," मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "बोट ठेव."